माळवदावरचा घट

माझ्या सूनबाईंनी बजावलंय, "मामंजी, दिवाळी अंकात छापून येणार आहे, जरा खरं लिहा." म्हणून आधीच सांगून टाकतो: खाली लिहिलंय त्यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. जालना जिल्ह्यात मी जन्मभर बांधकामाचे ठेके घेतले. अर्धं जालना मी बांधलं, आणि उरलेलं अर्धं मला बघून आपोआप सरळ उभं राहिलं. भिंतीच्या कानात मी बोललो की भिंत ओळंब्यात यायची. ओळंबा लावायचा तो फक्त इंजिनियरच्या समाधानासाठी.

पण एक इमारत अशी भेटली की तिच्यापुढे माझी बोलती बंद झाली. स्वप्नात अजून येते. स्वप्नात मी तिच्या दिवाणखान्यात उताणा पडलेला असतो, वरून माती भुरभुरत असते, आणि ती माती अंगावर पडायच्या आधीच हिरवी होते.

निजामाच्या काळातली ती जकातीची कचेरी. करोडगिरी म्हणत त्या खात्याला. गाड्या यायच्या, माल उतरायचा, तोलला जायचा, मोहर उठायची. रझाकार गेले, निजाम गेला, जकात गेली, कचेरी राहिली. तिच्यात पुढे कुठली कुठली सरकारी खाती येऊन बसली आणि कंटाळून उठून गेली. मी आत पाऊल टाकलं तेव्हा नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि आत फक्त कबुतरं होती. मधला दिवाणखाना एवढा लांब, की या टोकाला सकाळी शिंकलं तर त्या टोकाला दुपारच्या जेवणाला कुणीतरी "शतायुषी हो" म्हणायचं. उंचावर रोशनदानं, त्यांत लाल-निळ्या काचा. ऊन कललं की फरशीवर रंगांचे तुकडे सरकत सरकत भिंतीवर चढत. मधल्या तुळईला तराजू टांगायचा लोखंडी आकडा होता. वारा नसतानाही तो जरा हलायचा, जणू काहीतरी अजून तोलतोय.

ती कचेरी एका बियाण्याच्या कंपनीनं घेतली. कंपनीचे शेठजी जालन्याचेच, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि हिशोब पूर्ण मारवाडी. त्यांना तिथं बियाणं तपासायची प्रयोगशाळा करायची होती. बी किती उगवतं, त्याला बुरशी आहे का, हे बघणारी. त्यासाठी हैदराबादेकडे शिकून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बारीक चणीच्या, आवाज मऊ, पण "नाही" म्हणाल्या की ते नाही पोलादाचं.

शेठजींचा विचार साधा होता. कचेरी पाडायची, सिमेंटचा डबा उभा करायचा. आणि मी, ज्यानं उभ्या आयुष्यात पाडकामाला नाही म्हटलं नव्हतं, त्या दिवशी त्या रंगीत उन्हात उभा राहून बोलून गेलो, "शेठजी, पाडू नका. ह्यातच बसवून देतो."

"माळवदाच्या खाली लॅब? नाना, भांग खाऊन आले क्या?"

शेठजींचं चुकत नव्हतं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं छत. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाल्याचा थर आणि त्यावर हातभर पांढरी माती, पाणी शिंपडून लाकडी चोपण्यांनी बडवलेली. उन्हाळ्यात खाली असं गार, की माठालाही थंडी वाजावी. पण एक खोड आहे. माती वाळली की फळ्यांच्या फटींतून ती भुरभुर गळते. ताटात गळते, अंथरुणात गळते. आमच्याकडे जेवताना दाताखाली कचकच आली तर कुणी तक्रार करत नाही, वर बघतो आणि पुढचा घास घेतो. आणि मॅडमना हवी होती अशी खोली, जिच्यात धुळीचा कण म्हणून नको!

शेवटी शेठजी म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याच्या आसपास सरकारी कमिटी लॅब बघायला येणार. कमिटीने पास केलं तर कचेरी राहील. फेल केलं, तर दसऱ्यानंतर बुलडोझर. मंग तुमी रडायचं न्हाई."

मी हो म्हणालो. म्हणजे तोंड हो म्हणालं.

युक्ती मात्र मी फक्कड काढली होती. डब्यात डबा. दिवाणखान्याच्या आत ॲल्युमिनियम आणि काचेची दुसरी खोली उभी करायची, तिला स्वतःचं पांढरं छत, स्वतःची थंड हवा. माळवद जुनं ते जुनं राहील, माती गळली तर आतल्या छताच्या डोक्यावर गळेल. ते आतलं छत मी त्या तराजूच्या आकड्याला टांगलं. इंजिनियर म्हणाला, वजन पेलणार नाही. मी म्हणालो, निजामाची अख्खी जकात पेलली त्यानं, तुमचे चार पांढरे पत्रे काय चीज आहेत.

माळवदाचं काम हमीदभाईंकडे. माळवद घालणारे गवंडी तेव्हाच दुर्मिळ झाले होते, हमीदभाई त्यांतले शेवटून पहिले. जुनी माती उतरवली, कुजलेल्या फळ्या बदलल्या, गाढवांवरून नवी पांढरी माती आली. माती वाहायला, पाणी शिंपडायला, चोपायला बायांची टोळी होती. टेंभुर्णीच्या, हसनाबादच्या, दोघी-तिघी तीर्थपुरीकडच्या. त्यांची म्होरकी कौसाबाई. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती चोपणी घेऊन गाणं म्हणायला लागली की बाकीच्या तिच्या ठेक्यात चोपायच्या, आणि खाली दिवाणखान्यात असं वाटायचं की इमारतीच्याच छातीत ठोके पडून राह्यलेत. मी तर शपथेवर सांगतो, त्या ठेक्यात कबुतरं माना हलवायची. टोळीचं बिऱ्हाड आवारातच होतं, चिंचेखाली पालं टाकलेली.

शेवटची चोपणी झाली तेव्हा मी शिडीवर उभा राहून हुकूम सोडला. ताजं माळवद वाळेपर्यंत त्यावर पाऊल पडलं तर खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं. म्हणून गरजलो, "ऐका सगळे! आजपासून वर कुणाचाच पाय पडता कामा न्हाई. शेठजी आले तरी न्हाई, देव आला तरी न्हाई!"

हा हुकूम ध्यानात ठेवा.

मॅडमची परीक्षा तोवर सुरू झाली होती. काचेच्या चपट्या ताटल्या, त्यांत खिरीच्या सायीसारखं काहीतरी थिजलेलं. त्या आतल्या खोलीत थोडा वेळ उघड्या ठेवायच्या, मग झाकून उबेत ठेवायच्या. हवेत धूळ असेल तर ताटलीत बुरशीचे ठिपके उमटतात, काळे, हिरवे, पांढरे. पहिल्या ताटल्या मॅडमनी मला दाखवल्या. मी म्हणालो, "वा, रांगोळी सुंदर आलीय."

त्या हसल्या नाहीत. "नाना, तुमच्या छताची माती दिव्यांच्या भोकांतून आत येतेय. माती वाळतेय आणि गळतेय. अशा ताटल्या कमिटीनं पाहिल्या तर त्यांना दुसरं काही बघायची गरज नाही."

मी दिव्यांची भोकं बुजवली. फटींना पट्ट्या लावल्या. ठिपके कमी झाले, गेले नाहीत. पितृपक्ष संपत आला होता. मी दुपारी दिवाणखान्यात खाट टाकून पडायचो आणि वर बघायचो. रंगीत उन्हाच्या पट्ट्यात मातीचे कण तरंगायचे, लाल पट्ट्यात लाल, निळ्यात निळे, सावकाश, जणू त्यांना खाली यायची काही घाईच नव्हती. इतकं सुंदर दृश्य आणि त्यातला एकेक कण माझ्या कचेरीवर बुलडोझर घालत होता.

घटस्थापना झाली. आमच्या घरीही घट बसला, मी दोन दिवस साइटवर कमी गेलो. चौथ्या माळेला सकाळी गेलो तर मॅडम दारात. हातात ताटली.

"नाना, काय केलंत?"

"मी? मी काहीच न्हाई केलं. खरंच सांगतो." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

"ही कालची ताटली. ही परवाची." दोन्ही कोऱ्या. नुसती साय. एक ठिपका नाही.

मला वाटलं, लोक देवाला नवस बोलतात तसं मी कधी झोपेत बोललो असेन. तरी म्हटलं वर बघून यावं. शिडी लावली, डोकं माळवदाच्या वर काढलं, आणि तसाच राहिलो.

सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. धुक्यात माळवद पांढरं, आणि त्या पांढऱ्यात बरोबर आतल्या खोलीच्या डोक्यावर एक हिरवा-पोपटी गालिचा. बोटाएवढे कोंब. गहू, ज्वारी, जव, सगळं दाटीवाटीनं, प्रत्येक कोंबाच्या टोकाला दवाचा थेंब. मधोमध मातीचा घट, वर नारळ, विड्याची पानं, आणि काठीला बांधलेल्या झेंडूच्या माळा. वाऱ्यानं ते सगळं जरासं हललं, आणि मला वाटलं, कचेरीनं झोपेत कूस बदलली. सूनबाई म्हणतील, हे जास्त झालं. पण जालन्याच्या स्टेशनात उतरलेल्या माणसाला तो हिरवा तुकडा दिसत होता, असं मला निदान तिघांनी सांगितलंय. तिघांनाही आधी मीच सांगितलं होतं, ती गोष्ट वेगळी.

खाली येऊन हाक मारली, "कौसाबाई! वर काय आहे ते?"

"घट हाय."

"प्रयोगशाळेच्या डोक्यावर घट?"

"मंग कुठं मांडू? तुमच्या डोक्यावर?"

बाया फिदीफिदी हसल्या. मी आवाज चढवला. "मी सांगितलं न्हवतं, वर पाय पडता कामा न्हाई म्हणून?"

"म्हणून तर मांडला, नाना." कौसाबाई शांतपणे म्हणाली. "घरी आसतो तर देवापुढं मांडला आसता. इथं पालात राह्यलोत. कुत्रं येतंय, डुकरं येत्यात, येणारा-जाणारा लाथाडतो. ह्या बायांचा घट औंदा चुकणार म्हणून सगळ्या तोंड पाडून बसल्या होत्या. तवा तुमी म्हणले, वर शेठजीचा बी पाय पडायचा न्हाई. म्या म्हणलं, जिथं कुणाचा पाय न्हाई, ती जागा देवीचीच झाली की. माती बी चांगली, चाळलेली. सगळ्यांनी आपापल्या गावचं मूठ मूठ धान टाकलं. आन् आमी काय तुडवत न्हाई गेलो. फळी टाकून, आनवानी, हलक्या पायानं. सकाळ-सांच्याला पाणी शिंपडतो तेवढंच."

"पाणी?" मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "छतावर रोज पाणी?"

"घटाला पाणी नको व्हय, ताई?"

मॅडमनी वर बघितलं, हातातल्या कोऱ्या ताटलीकडे बघितलं. मग सावकाश म्हणाल्या, "ओली माती गळत नाही." आणि परत, स्वतःशीच, "ओली आहे, म्हणून गळत नाही. मावशी, किती पाणी घालता?"

"घालत न्हाई, ताई. शिंपडतो. हातानं."

"तेवढंच शिंपडा. रोज. एक थेंब जास्त नको, कमी नको."

आता माझी झोप उडाली. आधी भीती मातीची होती, आता पाण्याची. एखादी म्हातारी भक्तीच्या भरात तांब्या उपडा करेल आणि कमिटीच्या टकलावर थेंब पडेल! तेवढ्यात शेठजींना कळलं. आले ते फणफणत.

"नाना, लॅब आहे की देऊळ? कमिटी सातव्या माळेला येऊन राह्यली. वर शेत दिसलं तर हसतील! आजच्या आज काढून टाका."

"काढतो," मी म्हणालो. "तुमी फक्त कौसाबाईला तेवढं सांगा."

शेठजी चिंचेपर्यंत गेले. कौसाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "मालक, तुमच्या घरी घट बसलाय न्हवं?"

शेठजी परत आले. "नाना, हमीदला सांगा."

हमीदभाई मातीचे हात झटकत म्हणाले, "नाना, मी मुसलमान माणूस. घटाला हात लावला तर उद्या गावात मलाच उचकटून टाकतील. आणि खरं सांगू? भीती नसती तरी न्हाई लावला असता. माझ्याच मातीत उगवलंय. मंग तुमीच लावा की."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. हे हात अर्ध्या जालन्याला लागलेले. पण तेवढ्याशा हिरव्याला लागेनात. दसऱ्याला घट उठतो, त्याआधी तो हलवत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी शेठजीच कपाळ पुसत म्हणाले, "राहू द्या. पण कमिटी वर जाता कामा नये. शिडी लपवा."

कमिटी यायच्या दिवशी, कौसाबाई पाणी घेऊन वर चढल्यावर, शिडी लपवली. पेंढ्याच्या गंजीखाली.

सातव्या माळेला कमिटी आली. तिघे. त्यांतल्या वयस्कर साहेबांचा चष्मा इतका जाड, की त्यातून डोळे नव्हे, विहिरी दिसायच्या. खोलीत शिरले, यंत्रं बघितली, ताटल्या बघितल्या. कोऱ्या. मॅडमच्या चेहऱ्यावर प्रथमच रंग आला. मी मनातल्या मनात बुलडोझरला निरोप देऊन राह्यलो होतो. आणि साहेबांनी मान वर केली.

"वर काय आहे?"

"छत आहे," मी म्हणालो.

"ते मलाही माहीत आहे. मातीचं छत, आणि खाली धूळ नाही. हे कसं? मला बघायचंय."

"साहेब, शिडी मोडकी आहे."

"दुसरी असेल."

"वर गांधीलमाशा आहेत."

"असू द्या."

"निजामाच्या काळापासून वर एक नाग राहतो, साहेब. तो तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाच..."

"नाना," मॅडम म्हणाल्या, "शिडी लावा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना कळत होतं की काय पणाला लागलंय. तरी म्हणाल्या. मी गंजीखालून शिडी काढली. साहेबांनी ती बघितली, मला बघितलं, आणि एकही अक्षर बोलले नाहीत. ते त्यांच्या वयाचं मोठेपण.

साहेब वर चढले, मागे मॅडम, मागे मी. शेठजी खाली डोळे मिटून उभे. वर कौसाबाई पाणी शिंपडत होती. ती वळलीही नाही. एवढंच म्हणाली, "चपला काढा, साहेब. फळीवरनं या."

आणि पुण्या-दिल्लीच्या फायली चाळणाऱ्या त्या साहेबांनी बूट काढले, मोजे काढले, एकात एक खुपसले, आणि अनवाणी फळीवरून तोल सावरत गेले. कोंब आता वीतभर झाले होते. साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच. खालून कबुतरांची घुमघुम येत होती.

"उगवण किती टक्के?" त्यांनी मॅडमना विचारलं. सवयीनंच विचारलं असावं.

मॅडम बोलायच्या आधी कौसाबाई म्हणाली, "घटाचं धान मोजत न्हाईत, साहेब."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाले, "ओलाव्यानं धूळ बसली. पण ही तात्पुरती गोष्ट झाली, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, सर. म्हणूनच तुम्हाला वर येऊ दिलं."

"वर चुन्याचा कोबा करा. फळ्यांच्या खालून जाड कापड ताणून घ्या. मग परत ताटल्या ठेवा आणि मला पाठवा. त्या अशाच आल्या तर माझी ना नाही." जरा थांबले. "हे काम ताबडतोब व्हायला हवं..."

"दसऱ्याच्या आदी न्हाई," कौसाबाई म्हणाली.

"...दसऱ्यानंतर ताबडतोब," साहेब म्हणाले.

खाली उतरल्यावर शेठजींनी विचारलं, "पास?" मी म्हणालो, "पास समजा." शेठजींनी वर बघून हात जोडले. देवीला की माळवदाला, त्यांचं त्यांना ठाऊक.

दसऱ्याला घट उठला. कौसाबाईनं धान उपटून सगळ्यांना वाटलं. शेठजींनी पगडीत खोवलं, हमीदभाईंनी टोपीत, मी कानावर. दुसऱ्या दिवसापासून चुना मळायला घेतला, आणि कापड ताणलं, मांजरपाट, खळ लावून, ढोलासारखं. पुढच्या ताटल्या कोऱ्या आल्या, त्याच्या पुढच्याही. बुलडोझरवाला आजवर माझ्याशी बोलत नाही. पुढे नव्या शतकात मी स्वतः कितीतरी माळवदं उतरवली आणि त्यांच्या जागी सिमेंट ओतलं. लोक मागायचे, मी द्यायचो. प्रत्येक वेळी फळ्या निघताना अंगावर जी माती पडायची, तिच्याकडे मी बघायचं टाळत आलो. पण कचेरी उभी आहे.

मला सांगायचं आहे ते मात्र दसऱ्याच्या दुपारचं.

खोली बंद झाल्यापासून बायांना आत जायला मनाई होती. मातीचे पाय, मातीची लुगडी. जिच्यासाठी महिनोन् महिने माती वाहिली, ती जागा त्यांनी बघितलीच नव्हती. धान वाटून झाल्यावर मॅडम चिंचेखाली गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, चला. आत बघायला या."

"आमच्यानं घाण हुईल की, ताई."

"पुसून घेऊ."

बाया हातपाय धुऊन आल्या, अंबाड्यात धान खोवलेलं. दारात पांढऱ्या रबरी चपला ठेवलेल्या होत्या, आत घालायच्या. कौसाबाईनं त्या घातल्या आणि काचेचं दार ढकललं. आतला पांढरा उजेड, गार हवा. मॅडमनी एका कपाटाचं दार उघडलं. आत ताटांवर ताटं, ताटात ओला कागद, कागदावर रांगेनं बी, आणि प्रत्येक बियाला पांढरा, इवला मोड. ज्वारी, कापूस, मूग. वर मंद दिवा. दवासारखं पाणी कपाटाच्या काचेवर जमलेलं.

कौसाबाई जवळ गेली, वाकली, साहेब वाकले होते तशीच. मग तिनं त्या रबरी चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या.

"ताई, ह्यो बी घटच हाय की. ह्यो कवा उठायचा?"

"हा उठत नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "बारा महिने बसलेला असतो."

कौसाबाईनं हात जोडले. बाकीच्यांनीही. मग ती माझ्याकडे वळली आणि माझाच हुकूम माझ्याच आवाजात मला परत केला. "ऐका, नाना! मंग आजपासनं हितं चपला घालून कुणाचाच पाय पडता कामा न्हाई. शेठजी आले तरी न्हाई, देव आला तरी न्हाई!"

त्या दिवसापासून रबरी चपला गेल्या. त्या प्रयोगशाळेत सगळे धुतलेल्या पायांनी अनवाणी जातात. परदेशातून पाहुणे येतात, मोठमोठे शास्त्रज्ञ येतात, दारात बसून बुटाच्या नाड्या सोडतात, नळावर पाय धुतात. त्यांना वाटतं, धुळीसाठी. मॅडमनी त्यांचा तो समज कधी खोडला नाही.